लांपाराच्या भिंतीवरची माणसं

माझा फोटो त्या भिंतीवर कधीच लागला नाही, आणि तो लागावा असं मला जवळजवळ पन्नास वर्षं वाटत राहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या वाटण्यातूनच झालं.

ती भिंत आमच्या लांपारा बंधुसंघाच्या घरातली, मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत, विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर. लांपारा म्हणजे कंदील. १९१७ साली कायद्याच्या सात विद्यार्थ्यांनी संघ काढला आणि तेव्हापासून दर वर्षी पाच-सात पोरं त्यात घेतली जातात. दिवाणखान्याच्या त्या लांबलचक भिंतीवर नऊ न्यायमूर्ती आहेत, तीन सिनेटर आहेत, दोन राजदूत आहेत, आणि कायदा अर्धवट सोडून पाद्री झालेला एक बिशपही आहे. दर डिसेंबरात संघाचं जेवण असे. भिंतीवरची माणसं भिंतीखालच्या टेबलांवर बसत. मी मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथे येता-जाता वाढप्यांची कोपरं लागायची.

आम्ही १९६१ चे. पाचजण एकाच रविवारी घेतले गेलो. त्यातला बालतासार सिनेटर झाला. क्लेमेन्ते ऑर्दोन्यो, आमचा मेंतिंग, न्यायमूर्ती झाला. एक अमेरिकेला गेला, एक लवकर वारला. पाचवा मी, आन्सेल्मो मारालित, संघातल्यांचा एमोंग, वकिलीच्या परीक्षेत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा कसाबसा पार पडलो आणि गावी, लिपाला, परत आलो. तेव्हापासून नगरपालिकेच्या जिन्याखाली माझं नोटरीचं टेबल आहे. पुढ्यात टाइपरायटर आणि शिक्का, डोक्यावर दिवसभर लोकांचे पाय.

संघात घेतात कसं, ते बाहेर सांगायचं नसतं. मी आता सांगतो. त्या रविवारी माझ्या मांड्यांवर आणि दंडांवर लाकडी वल्ह्याचे एवढे फटके बसले की मला उभं राहता येईना. मेंतिंगलाही तेवढेच बसले होते, तरी त्याने मला पाठुंगळी घेऊन वसतिगृहाचे तीन जिने चढवले. पुढे नऊ दिवस तो माझ्या पायांना खोबरेल चोळत होता. एवढं एकत्र सोसलं की माणूस सख्ख्या भावाहून जवळचा होतो, असं आम्हाला सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, तसं झालंही. नंतरची दोन वर्षं वल्हं माझ्या हातात होतं.

गेर्विन माझ्या मुलीचा, मारिविकचा, एकुलता एक मुलगा. मारिविक प्राथमिक शाळेत शिकवते. तिचा नवरा दान्ते बोटीवर असतो, वर्षातले दहा महिने समुद्रात. त्यामुळे मायलेक माझ्याकडेच राहत; तिचा मी ताताय, त्याचा लोलो. पोरगा काटकुळा, डावखुरा, जाड भिंगांचा चष्मा. लहानपणापासून माझ्या टेबलाशी बसून माझ्या टायपिंगमधल्या चुका काढायचा. त्याला त्याच विद्यापीठात कायद्याला प्रवेश मिळाला, तेव्हा मी जिन्याखालच्या सगळ्या नोटऱ्यांना लोमीचे, दाट रश्श्यातल्या शेवयांचे, वाडगे पाजले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तो घरी आला आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला.

"लोलो, लांपारात जायचं तर जुन्या सभासदाचं पत्र लागतं."

"आईला विचारलंस?"

"आई काय म्हणेल ते तुम्हाला माहीत नाही का?"

"आईला सगळं ऐकू येतंय," मारिविक आतून म्हणाली आणि ओल्या हातांनीच बाहेर आली. "तुला मित्रांची वाण पडलीय का रे? मार खाऊन कोण मित्र करतं?"

"आई, आता मारत नाहीत. त्याविरुद्ध कायदा झालाय."

"कायदा झाला म्हणजे मारत होते ना? ताताय, तुम्ही सांगा त्याला. तुमच्या मांड्यांवरचे डाग लहानपणी पाहिलेत मी. म्हशीवरून पडलो म्हणाला होतात. असं पडतं का कुणी म्हशीवरून, दोन्ही मांड्यांवर?"

"काळ बदलला, मारिविक," मी म्हणालो. काळ बदललेला नाही हे मला माहीत होतं.

ती आत गेल्यावर गेर्विनने हळूच विचारलं, "लोलो, खरं सांगा. फार लागतं?"

"लागतं. पण बरं होतं. आणि मग जन्मभर पुरतं."

त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे जिना होता. मी आयुष्य त्याच्याखाली काढलं, या पोराने काढू नये, एवढंच मला दिसत होतं. मी चांगल्यातला कागद काढला आणि पत्र टाइप केलं. शेवटी लिहिलं, 'हा माझा नातू आहे, त्याला आपलासा करा.' सहीखाली माझा सभासद क्रमांकही टाकला.

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. सव्वाचार वाजले होते. मी ओसरीवर कॉफीबरोबर सुमान खात बसलो होतो. केळीच्या पानाची गुंडाळी हातात होती आणि आत मारिविकचा फोन वाजला. ती "हो, मीच त्याची आई" असं दोनदा म्हणाली. मग फोन कानाशी धरूनच ती चपला शोधायला लागली.

गेर्विनला आणलं होतं मारिकिनाच्या बाजूच्या एका इस्पितळात. अंतिपोलोच्या टेकड्यांवर पोहण्याच्या तलावाचं एक घर भाड्याने घेतलं होतं, हे नंतर कळलं. दोन मुलांनी त्याला आणून दारातल्या बाकावर आडवं केलं, वहीत आपली नावं लिहिली आणि गाडी लावून येतो म्हणून गेली ती गेलीच. त्या नावांचं विद्यापीठात कुणी नव्हतं. डॉक्टरीण अगदी तरुण होती. हातातला कागद उगाच उलटसुलट करत ती म्हणाली, "बाई, दोन तास आधी आणला असता तर..."

मारिविकने स्वतः चादर बाजूला केली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पोराच्या अंगावर कातडीचा मूळ रंग कुठे उरला नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताताय, या खुणा तुमच्या ओळखीच्या आहेत."

मी मान हलवली. ती तिला दिसली की नाही, ठाऊक नाही.

सात दिवस शवपेटी आमच्या बैठकीत होती. दान्ते त्या वेळी ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात अडकलेला, तो पाचव्या दिवशी पोचला. पहिल्याच दिवशी फुलांची चक्रं यायला लागली. दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली त्यांची. प्रत्येकावर रेशमी पट्टी आणि पट्टीवर नाव. ज्यांच्याकडे मी दर डिसेंबरात लांबून बघत होतो त्या सगळ्यांची नावं माझ्या दारात आली होती. राजदूत आला, बिशप आला. एका न्यायमूर्तीने माझे दोन्ही हात धरले. पन्नास वर्षांत त्याने मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

शेजारच्या आलिंग पासिताने दुसऱ्या दिवशी एक कोंबडीचं पिल्लू आणून शवपेटीच्या काचेवर सोडलं. कुणी मारून टाकलेल्या माणसाच्या पेटीवर आमच्याकडे पिल्लू ठेवतात. ते काचेवर चोच मारतं, तशी मारणाऱ्याच्या काळजाला टोच लागते म्हणतात. दिवसभर त्याची टकटक चालू असायची. आलेली मोठी माणसं नमस्कार करताना पिल्लाकडे बघायची नाहीत.

सिनेटर बालतासार तीन गाड्या घेऊन आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एमोंग, संघ तुझ्या पाठीशी आहे."

आलिंग पासिता कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "पाठीशी आहे म्हणे! पोराची पाठ कुणी फोडली ते आधी सांगा म्हणावं."

सिनेटरने ऐकलं नाही असं दाखवलं. न ऐकण्याची त्याला सवय होती.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठातली पोरं आली. त्यांचा अध्यक्ष पुढे होता, इस्त्रीचा काळा सदरा, केस नीट भांग पाडलेले. त्याच्या हातावर संघाचं वस्त्र होतं, निळं, मध्ये सोनेरी कंदील भरलेला. मोठा सभासद गेला की ते शवपेटीवर घालतात.

"काकू," तो मारिविकला म्हणाला, "गेर्विनने शेवटचा टप्पा पूर्ण केला होता. तो आमचा भाऊ झाला होता. हा मान त्याचा आहे."

मारिविकने त्याला नीट पाहून घेतलं. "पूर्ण केला हे तुला कसं माहीत? तू होतास तिथे?"

पोराने वस्त्र दुसऱ्या हातावर घेतलं. "म्हणजे... तसं कानावर आलं."

"कुणाकडून?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी काहीतरी बोलून त्याची सुटका करावी म्हणून. आणि सांगायला लाज वाटते, माझ्या तोंडात शब्द आलेही होते. पण तोवर मारिविकने ते वस्त्र उचललं, शाळेत पोरांचे रुमाल घडी घालते तशी त्याची चौकोनी घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "घरी घेऊन जा. तुझ्या आईला दाखव, आणि मी काय म्हणाले तेही सांग."

मेंतिंग चौथ्या दिवशी आला. एकटा, काठी टेकत. त्याला निवृत्त होऊन एक वर्ष झालं होतं. तो शवपेटीशेजारी बसला तो दुपारभर बसून राहिला. कॉफी ठेवली, ती निवून गेली. एकदा त्याने पिल्लाकडे बोट केलं. "हे कुणी ठेवलं?"

"रीत आहे," मी म्हणालो.

"रीत माहीत आहे मला, एमोंग."

दफन झालं, लोक गेले, दान्ते पुन्हा बोटीवर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मारिविकने माझ्यापुढे भात आणि सुकी मासळी ठेवली आणि समोर बसली.

"रडायला मला पुढे वेळ आहे. पोलीस म्हणतात, कुणी काही पाहिलं नाही. घराचा मालक म्हणतो, कुणाला भाड्याने दिलं ते आठवत नाही. पण तुमच्या त्या भिंतीवरच्या माणसांना सगळं माहीत असणार. तुम्ही त्यांचे भाऊ ना? जा, आणि विचारून या."

मी सकाळच्या बसने मनिलाला गेलो. मेंतिंगच्या घरी मागच्या व्हरांड्यात ऑर्किडच्या कुंड्या टांगलेल्या होत्या, तो एकेका कुंडीला पाणी घालत होता. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. खुर्ची दिली, मोलकरणीला आत पाठवलं, दार लावून घेतलं.

"तू कशासाठी आलास ते कळलं. विचारू नकोस, मीच सांगतो. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मला फोन केला."

मला आधी समजलंच नाही. "कुणी?"

"पोरांनी. गेर्विन खाली पडला होता, तोंडाला फेस. घाबरली होती. इस्पितळाच्या आधी त्यांनी मला फोन केला. संघात तसंच शिकवतात ना, आधी मोठ्यांना विचारा. आपणच शिकवलं."

"मग तू काय म्हणालास?"

त्याने झारी पुढच्या कुंडीवर धरली. "मी विचारलं, तिथे कोण कोण आहे. त्यांनी नावं सांगितली. त्यात एक बालतासारचा धाकटा नातू होता. मी म्हणालो थांबा, आपल्यातला डॉक्टर पाठवतो. मग मी बालतासारला फोन केला, मग डॉक्टरला. डॉक्टर रविवारच्या जेवणाला बसला होता. त्याला पोचायला दीड तास लागला. त्याने नाडी बघितली आणि सांगितलं, ताबडतोब न्या."

"तो गेर्विन आहे हे तुला माहीत होतं?"

"नव्हतं. देवाशपथ, एमोंग. एक नवखा पोरगा, एवढंच म्हणाले. तुझा आहे असं कळलं असतं तर..."

"तर काय केलं असतंस?"

त्याच्या हातातली झारी लवंडून पाणी त्याच्या सपातांवर सांडत होतं, ते त्याला कळलं नाही. मी बघितलं, तो रडत होता. मला पाठीवर घेऊन तीन जिने चढलेला माणूस. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, आणि त्याचा गळा धरावासाही वाटला. दोन्हीतलं काहीच न करता मी खुर्चीत बसून राहिलो.

"हे लिहून दे," मी म्हणालो. "नावं, वेळ, सगळं. सही कर."

"ते नाही जमणार."

"का?"

"मी नऊ जणांचं आयुष्य हातात धरून बसलोय. सगळी बावीस-तेवीस वर्षांची. मारायला कुणी गेलं नव्हतं."

"माझाही एकवीस वर्षांचा होता."

"हो," मेंतिंग म्हणाला. "म्हणून तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं."

मी घरी येऊन मारिविकला जसंच्या तसं सांगितलं. तिने शाळेची वही काढून तारीख-वार-वेळ टिपून घेतली. मग म्हणाली, "आता हे तुम्ही लिहून द्या."

मला वाटलं होतं की ती हेच म्हणेल. दोन दिवस मी टाइपरायटरवर कागद चढवून बसत होतो. मेंतिंगने विश्वासाने सांगितलेलं लिहायचं, तर मला स्वतःचंही लिहायला हवं होतं. शेवटी मी तेही लिहिलं. पाचव्या कलमात लिहिलं की १९६२ आणि ६३ साली मी स्वतः वल्हं चालवलं आहे, संघातली रीत मला त्यामुळे माहीत आहे. तीन पानं झाली.

स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर नोटरीला स्वतःचा शिक्का मारता येत नाही. मी शेजारच्या टेबलावर गेलो. तोर्क्वातो तीस वर्षं माझ्या शेजारी बसतो. त्याने पहिलं पान वाचलं, दुसऱ्यावर सिनेटरचं नाव बघितलं आणि चष्मा काढला.

"वकीलसाहेब, माझी सून सरकारी खात्यात आहे."

"मग?"

"मग काही नाही. आज शिक्क्याची शाई संपलीय म्हणा."

त्याच्या पलीकडच्याचीही शाई संपली होती. शेवटी टोकाच्या टेबलावरची ब्रिहिदा, कालपरवा वकील झालेली पोरगी, हिने न वाचताच शिक्का मारला. मी म्हणालो, "वाच तरी." ती म्हणाली, "वाचलं तर मलाही भीती वाटेल, साहेब."

खटला उभा राहिला, एवढं खरं. चौकशीत नावं निघाली, नऊ आरोपी. मेंतिंगने प्रतिज्ञापत्राला उत्तर दिलं. लिहिलं होतं, माझा जुना मित्र आन्सेल्मो भेटायला आला होता, तो शोकाने खचला होता, मी त्याची समजूत काढली, फोनबद्दल काहीही बोलणं झालं नाही. खाली ती सुबक सही. त्याच सहीची पत्रं मला आयुष्यभर दर ख्रिसमसला येत आली होती. सरकारी वकिलाने त्याचं नाव वगळलं. डॉक्टरला तर काही आठवतच नव्हतं. महिन्याभरात संघाकडून मला दोन ओळींचं पत्र आलं की शपथ मोडल्याबद्दल सभासदांच्या यादीतून माझं नाव काढलं आहे.

आरोपींच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला माझं ते पत्र काढलं. 'हा माझा नातू आहे, त्याला आपलासा करा.' ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "पत्र लिहिताना संघात काय चालतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तरी तुम्ही सही केलीत?"

"केली."

मारिविक पहिल्या बाकावर होती. तिने ते पत्र तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

मला वाटायचं की न्यायाधीश विकले जातील, दबावाखाली येतील. तसं झालं असतं तर ओरडायला तरी जागा होती. झालं भलतंच. पहिल्या न्यायाधीशाने सांगितलं, मी बालतासारांच्या शिफारशीने नेमला गेलो, मी हा खटला चालवणं बरं दिसणार नाही. त्याने तो सोडला. दुसरा स्वतः लांपाराचा होता, त्यानेही सोडला. तिसरी बाई होती, तिचा नवरा लांपाराचा निघाला. चौथा मेंतिंगच्या हाताखाली शिकलेला. सगळे प्रामाणिक, सगळ्यांनी नियमाप्रमाणे बाजूला होऊन दुसऱ्याकडे कागद पाठवले, आणि दर खेपेला सात-आठ महिने गेले. शंभर वर्षांत आमच्या संघाने एवढी मोठी माणसं तयार केली होती की आमचा खटला ऐकायला परका माणूस सापडेना. तक्रार तरी कुणाची करायची? आमचं घोंगडं त्यांच्या सचोटीतच भिजत पडलं.

चौथ्या वर्षी मेंतिंग गेला. मी त्याच्या दफनाला गेलो आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर जीपनीच्या थांब्यावर उभा राहिलो. निळं वस्त्र घातलेली पेटी आत जाताना दिसली. त्याची बायको मला ओळखून गाडीची काच खाली करायला लागली, पण कुणीतरी ती परत वर केली. त्याने मरताना काही लिहून ठेवलं असेल अशी मला वेडी आशा होती. नव्हतं.

संघाच्या शताब्दीला जाडजूड ग्रंथ निघाला. तो टपालाने आमच्या घरी आला, कुणी पाठवला ते लिहिलं नव्हतं. सुरुवातीला भिंतीवरच्या सगळ्यांची चरित्रं होती, गुळगुळीत कागदावर. १९६१ च्या पानावर चार नावं होती. शेवटी दिवंगत बंधूंची यादी होती आणि तिच्यात २०१२ या सालाखाली गेर्विनचं नाव, सभासद क्रमांकासकट. मारिविकने ते नाव काढा म्हणून तीन पत्रं लिहिली. आमच्या वकिलाला विचारलं, तो म्हणाला, "मानाने नाव छापलंय, बदनामी तर केली नाही. कुठल्या कलमाखाली अडवणार?"

सहाव्या वर्षी, पाचव्या न्यायाधीशासमोरच्या एका तारखेला, आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात डबा सोडून बसलो होतो. एक तरुण आमच्यासमोर येऊन उभा राहिला. जाड झालेला, गळ्यात टाय. त्याने आधी माझा हात कपाळाला लावला, मग मारिविकचा, लहान मुलं मोठ्यांचा लावतात तसा.

"काकू, मी नोएल. त्या रविवारी गेर्विनबरोबर मीही होतो. आमच्या दोघांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून शेजारी-शेजारी बसवलं होतं."

मारिविकने डब्याचं झाकण लावलं. "बस."

"तो मला धीर देत होता. म्हणाला, माझे लोलो म्हणतात की लागतं पण बरं होतं." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "मग तो पाणी मागायला लागला. खूप वेळ मागत होता. ते म्हणाले, पाणी द्यायचं नसतं, रीत नाही. माझ्या पायाशी बाटली होती, काकू. माझ्या हाताला लागत होती. पण मी घाबरलो."

"हे आत सांगशील?" मारिविकने विचारलं. तिचा आवाज अगदी शाळेतल्या बाईंचा होता.

"सांगेन."

"नावं?"

"नावंही. मला आवाज ओळखता येत होते."

आमच्या वकिलाने त्याची माहिती लिहून घेतली. पुढची तारीख सात आठवड्यांनी होती. त्या सात आठवड्यांत मारिविकने पहिल्यांदा बैठकीतले पडदे धुतले, गेर्विनच्या खोलीची खिडकी उघडली. एक दिवस ती भांडी घासताना गुणगुणत होती. मी जिन्याखालून घरी लवकर यायला लागलो.

तारखेला नोएल आला नाही. फोन बंद. आमचा वकील त्याच्या घरी जाऊन आला. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळं कुटुंब कॅनडाला गेलं, एका कंपनीत पोराला नोकरी लागली. कंपनी कुणाची, हे शेजाऱ्यांना माहीत नव्हतं आणि आम्हीही शोधलं नाही. न्यायाधीश भला माणूस होता. त्याने मारिविकला विचारलं, "बाई, थांबू का अजून?" ती म्हणाली, "थांबा." त्याने पाच महिन्यांनंतरची तारीख दिली.

बसमधून येताना ती खिडकीशी बसली होती. सांतो तोमास गाव मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, "ताताय, तुम्ही ज्यांना मारत होतात, त्यांना पाणी द्यायचात?"

सहा वर्षांत तिने मला संघाबद्दल स्वतःहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट. खोटं बोलणं सोपं होतं. साठच्या दशकातली गोष्ट, साक्षीला कुणी उरलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "पाण्याच्या माठापाशी मलाच उभं करत."

लिपाला उतरल्यावर तिने नेहमीसारखा माझा दंड धरून मला रस्ता पार करून दिला. घरी भात लावला, मासळी तळली, माझं ताट वाढलं आणि ती आपलं ताट घेऊन गेर्विनच्या खोलीत गेली. त्यालाही आता तीन महिने झाले. ती अजून तिथेच जेवते. पुढच्या तारखेला मीही तिच्याबरोबर जाणार आहे. तिने ये म्हटलेलं नाही, येऊ नका असंही म्हटलेलं नाही.